अकोल्याच्या विहिरीतली समुद्रफुलं

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याच्याकडे फार वेळ पाहिलंच नाही. अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्राणिशास्त्राची आमची सहल मुंबईला गेली होती. आम्ही अकरा जण, त्यात मुली दोन. सरांनी ओहोटीच्या वेळी आम्हाला वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर नेलं, प्रत्येकाच्या हातात फॉर्मॅलिनची बाटली दिली आणि दोन तासांत सापडेल ते गोळा करायला सांगितलं. बाकीचे लाटांकडे बघत उभे राहिले. मी एका खळग्यापाशी वाकले, ती वाकलेलीच राहिले.

खळग्यात वीतभर पाणी होतं. तळाशी दगडाला चिकटून एक फूल उमललं होतं. तपकिरी, हिरवट, आणि पाकळ्यांची टोकं जांभळी. वारा नव्हता, पाणी स्थिर होतं, तरी पाकळ्या आपल्या आपण हलत होत्या. इवलीशी कोळंबी पोहत पोहत त्यांना लागली आणि अडकली. मग एकेक पाकळी आत वळत गेली, कोळंबी दिसेनाशी झाली आणि फुलाची घट्ट मूठ झाली.

हे समुद्रपुष्प, म्हणजे प्राणी, हे मला पुस्तकातून पाठ होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या बरणीतही एक होतं, पांढुरकं, वाळक्या सुपारीसारखं आकसलेलं. त्याची आकृती काढून मी चांगले गुणही मिळवले होते. आणि आता कळत होतं, की मी आतापर्यंत प्रेताची आकृती काढत होते.

मी फॉर्मॅलिनची बाटली खाली ठेवली आणि सरांना विचारलं, हे जिवंत नेता येईल का? सर मूळचे पुण्याचे, शिस्तीचे आणि कमी बोलणारे. ते म्हणाले, कल्याणपर्यंत टिकलं तरी खूप झालं. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट, पितळेच्या भांड्याचा स्पर्शसुद्धा होऊ देऊ नका, याला ते विष, एवढं जाताजाता सांगितलं.

मी लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या विकत घेतल्या. हलवता येतील असे दोन दगड शोधले. त्यांच्यावर मिळून तीन फुलं होती. दगड एका बरणीत, दुसऱ्या बरणीत नुसतं समुद्राचं पाणी, तोंडाला ओलं फडकं. गाडीत मी दोन्ही बरण्या पायांमध्ये धरून बसले. कल्याण गेलं, इगतपुरी गेलं, भुसावळ आलं. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर फडकं वर करून बघायचं आणि थोडं पाणी बदलायचं. तिन्ही फुलं मुठी आवळून बसली होती. जिवंत की मेलेली, काही कळायला मार्ग नव्हता.

बाकीचे बडनेऱ्याला उतरून अमरावतीला जाणार होते. मी आधीच अकोल्याला उतरले, कारण हॉस्टेलात असलं काही ठेवू दिलं नसतं आणि माझं घर अकोल्याला होतं. माझे बाबा रेल्वेत सिग्नल मिस्त्री. स्टेशनामागच्या दोन खोल्यांच्या दगडी क्वार्टरमध्ये ते आणि माय असे दोघंच राहत.

मायनं बरणीत वाकून पाहिलं आणि विचारलं, एवढ्या लांबून हे गोटे कावून आणले? मी सांगितलं ते तिला पटलं नाही. बाबांनी मात्र काही न विचारता पलंगाखालून काचेची एक मोठी चौकोनी बरणी ओढून काढली. सिग्नलच्या बॅटरीतल्या अशा निकामी बरण्या त्यांनी कधीतरी लिलावात घेतल्या होत्या. माय त्यात डाळी ठेवायची. आम्ही एक रिकामी केली, सोड्यानं घासली, तीत पाणी ओतलं, दगड ठेवले आणि तिघं तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

तासभर काही झालं नाही. माय उठून भाकरी टाकायला गेली. मग एका मुठीला वरून बारीकशी फट पडली. फटीतून जांभळी टोकं दिसली. बाबांनी हलकेच मायला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी दारात आली आणि तिच्यासमोर ते फूल पूर्ण उमललं.

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "हे खाते काय?"

त्या एका प्रश्नापासून सगळं सुरू झालं. जुन्या शहरात मोर्णा नदीतले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, विकायला एक बाई बसायची. माय पूल ओलांडून तिच्याकडे गेली, झिंगे आणले, सोलले, मिरीएवढे तुकडे केले आणि बांबूच्या काडीच्या टोकावर एक तुकडा फुलाला दिला. पाकळ्यांनी तो धरला. मायनं काडी सोडली आणि मागे सरून माझ्याकडे पाहिलं. असं हसू मी तिच्या तोंडावर फार क्वचित पाहिलं होतं.

मी कॉलेजला परत गेले, पण शनिवार आला की अकोल्याची गाडी धरायची. दर खेपेला घरात काहीतरी नवं झालेलं असे. बाबांनी सायकलच्या ट्यूबमध्ये पंपानं हवा भरून तिला बारीक रबरी नळी आणि औषधाच्या ड्रॉपरचं टोक जोडलं, म्हणजे बरणीत दिवसभर बुडबुडे येत राहतील. पाणी उडून जातं तसा खारटपणा वाढतो, हे मी सांगितल्यावर ते दुधात पाणी किती घातलंय हे पाहायची तरंगती काचनळी कुठूनसे घेऊन आले. मुंबईच्या पाण्यात ती जिथवर बुडाली तिथे त्यांनी दोरा बांधला. नळी वर आली की साधं पाणी घालायचं, दोरा पाण्याला टेकेपर्यंत. मी पुस्तकं धुंडाळून जे सांगायचे त्याच्या पुढे एक पाऊल ते आधीच गेलेले असत.

दिवाळीच्या सुमारास बाबा म्हणाले, बरणी लहान पडते, आपण हौद करू. अकोटला माझे मामा जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. त्यांनी लोखंडी अँगलची चार फूट लांब, दीड फूट रुंद चौकट जोडली आणि एसटीच्या टपावर घालून स्वतः घेऊन आले. वाटेत कंडक्टरनं विचारलं, ही कायची खाट? मामांनी सांगितलं, समुद्राची. जाड काच बसवली, सांधे आणि आतलं सगळं लोखंड डांबरानं झाकलं, खारं पाणी गंज चढवू नये म्हणून. तीन आठवडे साधं पाणी भरून ठेवलं. दोनदा गळलं, दोनदा पुन्हा डांबर लावलं.

आता एवढा हौद भरायचा कशानं? बाबांचे एक जुने मित्र मुंबईला माहीमच्या किनाऱ्याजवळ राहत. त्यांनी ओळखीच्या कोळ्याला सांगून, होडीतून आत जाऊन, स्वच्छ खोल पाणी भरून घेतलं. वेताच्या टोपल्यांत बसवलेले पाच मोठे काचेचे बुधले पार्सलनं निघाले. मुंबईच्या पार्सलबाबूनं विचारलं होतं, आत काय? समुद्राचं पाणी म्हटल्यावर तो लिहीना. पाणी कोण कशाला पाठवील? शेवटी त्याला बूच काढून चव घ्यायला लावली, तेव्हा लिहिलं. ही हकिकत मित्रानं पत्रात कळवली आणि बाबा ती पुढे आठवडाभर स्टेशनात सगळ्यांना सांगत होते.

बुधल्यांबरोबर एका पेटीत ओल्या शेवाळात गुंडाळलेले दगडही आले. हिरवे, खडबडीत, चिकटलेल्या शिंपल्यांनी भरलेले, आणि त्यांच्या फटींतून शंखात राहणारे चार चिमुकले खेकडे. हौद भरला त्या सकाळी मामाही आले होते. दगडांची रास रचली, मध्ये आमची तीन फुलं ठेवली. दुपारपर्यंत पाणी निवळलं आणि खिडकीतून येणारं ऊन आरपार गेलं. खेकडे शंख ओढत चढत होते. फुलं उमलली होती, बरणीत कधीच नव्हती एवढी मोठी, तळहाताएवढी. रेल्वेचे लोक ड्यूटी संपवून घरी न जाता आधी आमच्याकडे यायला लागले. रुळांचे सांधे बदलणारे एक म्हातारे पॉइंट्समन रोज येत, हौदासमोर उकिडवे बसत आणि पाहून जात.

माझी परीक्षा एप्रिलमध्ये संपली. मी घरी आले तेव्हा वऱ्हाडातला उन्हाळा सुरू झाला होता. मला त्याची भीती होतीच. प्रयोगशाळेतून मागून आणलेला थर्मामीटर मी हौदात सोडून ठेवला होता आणि तासातासाला बघत होते. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. हौदाला ओली वाकळ गुंडाळली. बाबा भुशात गुंडाळलेला बर्फ आणत, तो आम्ही काचेच्या बाटल्यांत भरून पाण्यावर तरंगत ठेवायचो. दुपारी दोनपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं आणि पारा पुन्हा चढायचा.

मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी मायनं नाक वर करून सांगितलं, वास येऊन राहिला. मला येत नव्हता. तिनं हौदात हात घातला आणि सगळ्यांत लहान फूल उचललं. ते दगडावरून आपोआप सुटलं, हातात विरघळलं. पाणी दुधाळ दिसायला लागलं होतं. दोन खेकडे उलटे पडले होते. उरलेली दोन फुलं लोंबत होती, मिटायचंसुद्धा बळ त्यांच्यात नव्हतं.

नवं पाणी मागवायचं तर आठ दिवस लागणार. बाबांनी लगेच मुंबईला तार केली, पण आठ दिवस ही फुलं काढणार कशी? मी थर्मामीटर हातात घेऊन रडायला लागले. वीस वर्षांची घोडी, पण रडले. बाबा नळीनं पाणी काढून वाळू-कोळशातून गाळायच्या खटपटीला लागले. माय मात्र दारात उभी राहून अंगणाकडे बघत होती.

"इहिरीत सोडू," ती म्हणाली.

मला वाटलं, ती टाकून द्या म्हणते आहे. मी चिडले. तिनं शांतपणे समजावलं. तिचं माहेर हिवरखेडचं. तिथे उन्हाळ्यात मोठ्या शेतकऱ्यांच्या विहिरीत दोरीला टोपली बांधून टरबुजं सोडत, लोण्याची भांडी सोडत. बाहेर लाही फुटायची, पण टोपली वर काढली की टरबूज गारेगार. मी विचारलं, तू खाल्लंस कधी? "कायचं खातो," ती म्हणाली. "आमाले त्या इहिरीच्या जवळ कोन जाऊ देत होतं? दुरून पाह्यलं."

क्वार्टरच्या अंगणात कडुनिंबाखाली सगळ्यांची मिळून एक खोल विहीर होती. मी थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला, पाण्याच्या वर हातभर अंतरावर थांबवला, पाव तासानं झरकन वर ओढून पाहिला. खाली मुंबईच्या किनाऱ्याइतकाच गारवा होता. मी धावत घरात गेले. पाच बुधल्यांपैकी एकात बाबांनी सुरुवातीपासून थोडं पाणी राखून ठेवलं होतं. ते दोन बॅटरीच्या बरण्यांत भरलं, एकेका बरणीत एकेक फूल आणि उरलेला एकेक खेकडा, वर फडकं, आणि दोन्ही बरण्या बांबूच्या टोपलीत पेंढा घालून घट्ट बसवल्या. बाबांनी सिग्नलच्या तारेसारखी पक्की गाठ मारली. रहाटावरून टोपली खाली जाताना आम्ही तिघांनी दोर धरला होता, खरं तर एकाचंच काम होतं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या एक बाई बाहेर आल्या. पिण्याच्या विहिरीत समुद्रातली जनावरं सोडता, पाणी खारट होईल, विटाळेल, असं त्या म्हणाल्या. शेवटचा शब्द नुसता जनावरांबद्दल नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळलं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आलो तेव्हापासून अशा शब्दाला माय खाली मान घालून उत्तर देत नसे. ती त्यांना म्हणाली, टोपली पाण्याले टेकत नाई, या इकडे, सोताच्या डोळ्यांनी पाहा. त्या कठड्याशी आल्या, वाकल्या, पाहिलं आणि निघून गेल्या. पुढे महिनाभर त्यांनी पाणी नळावरून नेलं. पण सकाळी टोपली वर काढायच्या वेळेला दारात येऊन उभ्याही राहायच्या.

ती सकाळची वेळ. मी आयुष्यात पुढे बरेच निकाल ऐकले, परीक्षांचे, नोकरीचे, पण दोर ओढताना छातीत जे व्हायचं तसं परत कधी झालं नाही. पहिल्या दिवशी टोपली वर आली, फडकं काढलं, दोन्ही फुलं तशीच लोंबलेली. दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी मायनं फडकं काढलं आणि एक फूल मिटलेलं होतं. घट्ट मूठ. मी तर नाचायचीच बाकी राहिले, कारण मिटायला ताकद लागते. चौथ्या दिवशी ते अर्धं उमललं होतं. मायनं झिंग्याचा तुकडा दिला, त्यानं धरला. शेजारच्या बाई दारातून विचारत्या झाल्या, खाल्लं का हो? माय म्हणाली, खाल्लं.

पाणी नवव्या दिवशी आलं, तोवर दुसरं फूलही उमलायला लागलं होतं. पण जून उतरेपर्यंत आम्ही फुलं विहिरीतच ठेवली.

जुलैत मी कॉलेजात प्रयोग शिकवायच्या, डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी अर्ज घेऊन अमरावतीला गेले होते. मुलाखत व्हायची होती, म्हणून मैत्रिणीकडे राहिले होते. तिथे बाबांचं कार्ड आलं. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. लिहिलं होतं, माय सांगते म्हणून लिहितो, हौदाच्या काचेवर अकरा पिल्लं झाली आहेत, डाळीच्या दाण्याएवढी, पाकळ्या मोजता येतात.

मी कार्ड घेऊन तशीच कॉलेजात गेले. सर प्रयोगशाळेत होते. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, बडनेऱ्याला कोणती गाडी मिळेल? आम्ही त्याच दुपारी निघालो. वाटेत सर तीनदा म्हणाले, कदाचित शेवाळाचे ठिपके असतील. माझ्याही मनात तेच होतं.

शेवाळ नव्हतं. सर हौदासमोर गुडघ्यांवर बसले, खिशातून भिंग काढलं. काचेवर, दगडांवर, अगदी डांबराच्या रेघेवरसुद्धा तांदळा-डाळीएवढी फुलं बसली होती आणि प्रत्येकाला जांभळ्या टोकांचा इवला पिसारा होता. सरांनी मायला विचारलं, ही कशी झाली, तुम्ही काही पाहिलं का?

मायनं पाहिलं होतं. मोठ्या फुलानं सकाळी तोंड उघडलं आणि एकेक पिल्लू बाहेर सोडलं, तिनं सांगितलं, जसं आपण चिंचोका थुंकतो तसं. मग ते पाण्यात घरंगळत जातं आणि जिथं टेकतं तिथं धरून बसतं. सरांनी वही काढली. ते विचारत गेले, माय सांगत गेली. किती दिवसांनी खायला घालता? तुकडा केवढा? आणि भूक लागली आहे की नाही, हे कसं ओळखता?

"बोट लावून पाह्यचं," माय म्हणाली. "भुकेलं असलं तर बोटाले चिकटते. पोट भरलं असलं तर सोडून देते. लेकरासारखंच हाये ते."

सरांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. मग मला म्हणाले, "मी वीस वर्षं हा प्राणी शिकवतो आहे. याला कधी भूक लागते, ते मला आज कळलं." ते मायकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. माय गोंधळली, पदर सावरला, आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. बाबा हौदाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी हवेच्या ट्यूबला पंप जोडला आणि गरज नसताना हवा भरायला सुरुवात केली.

मला ती जागा मिळाली. सरांची इच्छा होती, सगळा हौद कॉलेजात यावा. मायनं साफ नकार दिला. तीन पिल्लं मात्र द्यायला ती कबूल झाली, तीही तिनं निवडलेली. काचेवर बसलेलं समुद्रफूल ओढून काढलं तर फाटतं. मायनं ती अख्खी दुपार बर्फाचा खडा बाहेरून काचेला लावत, नखाच्या कडेनं हळूच सोडवत तीन पिल्लं मोकळी केली. मी ती बॅटरीच्या बरणीत घालून अमरावतीला नेली.

अकोल्याचा हौद पुढे सहा वर्षं चालला. दर उन्हाळ्यात टोपली विहिरीत जायची. मग चौकट गंजली, बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि सगळी फुलं कॉलेजात आली. माय वर्षातून दोनदा बघायला यायची आणि आम्ही घालतो ते झिंग्याचे तुकडे मोठे होतात म्हणून शिपायाला बोलायची.

पण ती पहिली तीन पिल्लं मी वर्गात ठेवली त्या दिवशी प्रयोगाच्या तासाला मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाली होती. मी त्यांना बसायला सांगितलं नाही. जरुडहून आलेली एक मुलगी पुढे सरकली आणि तिनं विचारलं, मॅडम, हात लावून पाहू? मी तिला बाही वर करायला सांगितली. तिनं बोट पाण्यात घातलं. पिल्लानं ते धरलं. ती दचकली, पण बोट तिनं मागे घेतलं नाही.